प्लिमथची मागची सीट

आमच्या घराण्यात पहिली चारचाकी आली ती ओढत आली. पुढे भाड्याचा ट्रॅक्टर, मध्ये जाड दोरखंड, आणि मागे गाडीच्या स्टेअरिंगवर मी, जीवन फकिरा गांगुर्डे, पाटबंधारे खात्यातला लिपिक. देवळाली कॅम्प ते नाशिक रोड एवढ्या रस्त्यात मी असा ऐटीत बसलो होतो की बघणाऱ्याला वाटावं, ट्रॅक्टरला मीच मागून रेटा देतोय. बिटको चौकात हवालदाराने हात केला. मी ताबडतोब लायसन काढून बाहेर धरलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "हे भंगार कुठं चाललंय?" झालं, माझं डोकं फिरलं. भंगार कोणाला म्हणता, अमेरिकन प्लिमथ आहे, एकोणीसशे पन्नासचं मॉडेल आहे, असं मी भर चौकात त्याला ऐकवलं. मागे रिक्षांची रांग लागली आणि शेवटी त्याने आमची वरात बाजूला घ्यायला लावली.

हे १९९४ सालचं. गाडी देवळाली कॅम्पातल्या होमी सेठची. माझे वडील फकिरा गांगुर्डे, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते तरुणपणापासून म्हातारे होईपर्यंत त्या पारशी सेठकडे ड्रायव्हर होते. सेठ वारले, त्यांच्या बायकोने, म्हणजे खोरशेदबाईंनी, बंगला विकून परदेशात मुलाकडे जायचं ठरवलं. जायच्या आधी त्यांनी दादांना बोलावलं. "फकिरा, ही गाडी तू ने नी. कोणा परक्याला देववत नाय मला." दादांनी हात जोडले आणि म्हणाले, "नको बाई." मी शेजारीच उभा होतो. दादांचा "नको" संपायच्या आत माझा "हो" बाहेर पडला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही आमची जुनी खोड.

पण त्या "हो"ला कारण होतं. मी लहान असताना आईने दिलेला डबा घेऊन एकदा बंगल्यावर गेलो होतो. गाडी पोर्चमध्ये उभी, मागचं दार उघडं. आत लालसर चामड्याची सीट, आमच्या घरातल्या बाजेपेक्षा रुंद. मी फक्त हात ठेवून बघितला. दादांनी मला बखोटीला धरून मागे ओढलं. "ती सेठची जागा हाय," एवढंच म्हणाले. मारलं नाही, ओरडले नाहीत. पण मला ते असं लागलं की त्या दिवशीच मी ठरवून टाकलं, एक दिवस ह्याच सीटवर दादांना बसवायचं, आणि गाडी आपण चालवायची. त्याच रस्त्याने, त्याच बंगल्यावरून. पुढे शिकलो, नोकरीला लागलो, लग्न झालं, पोरगी झाली, पण हे डोक्यातून गेलं नाही. आता गाडी दारात होती. राहिलं होतं फक्त दादांना बसवणं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत उरकेल.

गाडी आणली त्या दिवशी मी कॅम्पातच दादांना म्हणालो होतो, "दादा, बसा मागे." गाडी दोरखंडाला बांधलेली असली म्हणून काय झालं, मान तो मान. दादांनी दोरखंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रिक्षाला हात केला. मी जेल रोडला आमच्या कॉलनीत पोचलो तेव्हा ते चहा पिऊन, पेपर वाचून, ओट्यावर बसले होते. "आली का?" म्हणाले. पेपर काही खाली ठेवला नाही.

आईला, म्हणजे मालनबाईला, गाडी बघून हसू आवरेना. "एवढी मोठी? आन ठेवायची कुठं रे मुडद्या?" हा विचार मी केलाच नव्हता. आमच्या गल्लीची रुंदी आणि प्लिमथची रुंदी यांत जेमतेम एका सायकलीचा फरक. गाडी उभी केल्यावर समोरच्यांना आपल्या घरात तिरकं होऊन शिरावं लागायचं. बायको, सुवर्णा, बालवाडीची शिक्षिका आहे, तिचं बोलणं शांत असतं आणि त्यामुळे जास्त झोंबतं. ती म्हणाली, "अहो, आपण घर विकून हिच्यातच राहायला गेलो तर?"

मग मी गाडीचा अभ्यास सुरू केला. सरकारी नोकर अभ्यासात कमी पडत नाही, कामातच पडतो. वाचनालयात जाऊन जुनी इंग्रजी मासिकं काढली. प्लिमथ हा ब्रँड अमेरिकेत १९२८ साली सुरू झाला, साध्या माणसाला परवडेल अशी गाडी म्हणून. आमच्या गाडीचे भाग बोटीने आले होते आणि मुंबईत कुर्ल्याला जोडले होते. बॉनेटच्या टोकाला पितळी जहाज होतं. गोरे लोक ज्या जहाजातून सुरुवातीला अमेरिकेत राहायला गेले, ते हे जहाज. हे सगळं मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दादांना सांगायचो. चाळीसेक वर्षं ज्या माणसाने ती गाडी चालवली त्याला मी ती समजावून सांगत होतो. अक्कल गहाण ठेवली की असं होतं. जहाजाची गोष्ट ऐकून दादा एकदाच बोलले. "आन तिथं आधी राहत व्हते त्यांचं काय झालं?" मी म्हटलं, ते मासिकात नव्हतं.

गाडी दुरुस्तीला द्वारका चौकाजवळच्या गोरक्षकडे दिली. गोरक्ष चांगला मेकॅनिक, पण ट्रकचा. त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. "जीवनभाऊ, हिच्यात जागा लय हाय," हे त्याचं पहिलं मत. आत उंदरांनी संसार मांडला होता, वायरी खाऊन झाल्या होत्या. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. सेठ आजारी पडल्यापासून ती उभीच होती आणि चाळीशी उलटलेली गाडी न हलता बसली की तिचंही आपल्यासारखंच होतं. भाग काही मिळेनात. मी सुट्ट्या टाकून मुंबईच्या चोर बाजारात फिरलो. एकदा तर प्लिमथचा म्हणून एक भाग मोठ्या हौसेने घासाघीस करून घेऊन आलो. गोरक्षने तो फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हा शिलाई मशीनचा हाय." मी त्याच्याशीच भांडलो. नंतर सुवर्णाने तो बघितला आणि शेजारच्या शिंपिणीला दिला. तिच्याकडे तो बरोबर बसला.

शेवटी कुठे ट्रकचं, कुठे जीपचं, कुठे घरचं असं करत गाडी चालू झाली. चालू झाली म्हणजे काय, तर आवाज करायला लागली. गियरचा दांडा स्टेअरिंगच्या खालीच, तो नेमका कुठे ढकलायचा हे मला कळेस्तोवर कॉलनीतली दोन तुळशीवृंदावनं आणि एक मोरी गेली. दादा ओट्यावरून बघायचे. सांगायचे काही नाहीत. मी आपला मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "दादा, कसं चाललंय?" ते म्हणायचे, "चाललंय कुठं?"

आणि प्रत्येक वेळी मी विचारायचो. दिवाळीला विचारलं, अंजलीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, वाढदिवसाला विचारलं, रविवारी मासे आणायला जाताना विचारलं. "दादा, बसता का मागे? एक चक्कर." दर वेळी तेच उत्तर. "रिक्षा हाय ना." त्यांना ती गाडी आवडते आणि ते फक्त लाजतात, अशी माझी पक्की समजूत होती. सगळ्या कॉलनीला मी सांगून ठेवलं होतं की ह्या वर्षी दादा मागे बसणार म्हणजे बसणार. लोक विचारायला लागले. "काय जीवनराव, बसले का वडील?" नळावर बायका आईला विचारायच्या. गाडी चालते का हे कोणी विचारत नव्हतं.

एका बुद्ध पौर्णिमेला मी सगळी तयारी केली. त्रिरश्मी बुद्ध लेण्यांवर सगळ्यांनी जायचं, गाडीने. पांढऱ्या फुलांच्या माळा घातल्या, मागची सीट पुसून चादर घातली. सकाळी बघतो तर दादा पांढरे कपडे घालून कॉलनीतल्या मंडळींबरोबर सिटी बसच्या थांब्यावर गेलेले. आई, सुवर्णा आणि अंजली बसल्या माझ्याबरोबर. मुंबई नाक्याच्या अलीकडे रेडिएटरमधून वाफ निघायला लागली. मी बॉनेट उघडून उभा राहिलो, आई पदराने मला वारा घालायला लागली, इंजिनला घालायचा तो वारा मला. तेवढ्यात बाजूने सिटी बस गेली. दादा खिडकीत. त्यांनी मला बघितलं, हात वर करून "जय भीम" केला आणि बस निघून गेली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आधी कधी बघितलं नव्हतं. आम्हीही पुढच्या बसने गेलो.

त्या गाडीचा खरा उपयोग कोणी केला असेल तर सुवर्णाने. उन्हाळ्यात ती टपावर चादर पसरून कुरडया वाळत घालायची. पत्रा तापायचा, कुरडई दुपारपर्यंत कडक. शेजारणीही आणून घालायच्या. बॉनेटवर सांडगे, डिकीवर मिरच्या. एकदा ऑफिसातले साहेब "तुमची विंटेज गाडी बघायला" म्हणून आले आणि नागलीचे पापड घेऊन गेले. मी तोंड पाडून बसलो तर सुवर्णा म्हणाली, "अहो, निदान काहीतरी वेळेवर होतंय त्या गाडीने."

मग आलं २००१. अंजली तेव्हा दहावीत. जेल रोडवर नवीन सायबर कॅफे निघाला होता, तिथे ती मला घेऊन जायची, कारण पैसे मी द्यायचो आणि माऊस ती धरायची. मी तिला म्हटलं, प्लिमथ टाक. तिने टाकलं, वाचलं, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, घरून काही वाईट निरोप आला. "पप्पा, प्लिमथ बंद झाली. आता ह्या नावाची गाडी निघणारच नाही." सत्तरी ओलांडलेला ब्रँड, गेला. मला खरंच गलबलून आलं. जिचं अख्खं गणगोत अमेरिकेत, तिचं तिथलं माहेर तुटलं असं काहीतरी वाटलं. आता जगात जी काही असेल ती आमची आणि अशाच आणखी काही वेड्यांची.

घरी येऊन मी ओट्यावर बसलो आणि जड आवाजात म्हणालो, "दादा, प्लिमथ गेली."

दादा दचकले. "कुठं गेली? ढकलल्याबिगर?"

"तसं नाही. अमेरिकेत कंपनीने तो ब्रँडच बंद केला. कायमचा."

"बरं झालं," दादा म्हणाले.

माझा तोल गेला. इतकी वर्षं साचलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, दादा, तुमच्यासाठी केलं सगळं! रजा घालवल्या, पोरीच्या क्लासच्या वेळा चुकवल्या, लोकांची बोलणी खाल्ली. ज्या गाडीवर तुमचा जन्म गेला तिच्याबद्दल तुम्हाला काहीच वाटत नाही? आई आतून "हळू बोल रे" म्हणत होती. मी कुठला हळू बोलतोय!

दादा मात्र हळूच बोलले. "तुला वाटतं मी गाडी चालवायचो. चालवायचो किती? बंगला ते क्लब, क्लब ते बंगला. ती गाडी चालवायची नोकरी नव्हतीच रे. थांबायची नोकरी व्हती. सेठ आत गेला की मी भायेर. गाडीत बसायचं नाय, झाडाखाली जायचं नाय, गाडी दिसंल तिथं आपण दिसायचं. सेठ माणूस वाईट नव्हता. पण त्याचे पत्ते संपेस्तोवर मी उभा." आणि त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा गाठी पडून फुगलेल्या. मी त्या लहानपणापासून बघत आलो होतो. मला वाटायचं, वयाने होतं.

आता शहाण्या माणसाने तिथे गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "म्हणून तर म्हणतो, एकदा मागे बसा!" दादा उठून आत गेले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस कडवट होतो.

ब्रँड मेला आणि माझी किंमत वाढली, हा एक चमत्कारच झाला. पुढच्या वर्षी गंगापूर रोडच्या एका मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, एक मे रोजी. निमंत्रणाची पत्रिका घरी आली, वर लिहिलेलं, "श्री. जीवन गांगुर्डे, प्लिमथचे मालक." मी ती पत्रिका ऑफिसात सगळ्यांना दाखवली, मग ज्यांनी बघितली नव्हती त्यांना शोधून दाखवली. मालकांचा सत्कार होणार होता आणि प्रत्येकाने स्टेजवरून आपल्या गाडीबद्दल चार शब्द बोलायचे होते. बस्स, मला रस्ता सापडला. गाडीत नाही बसत ना, मग स्टेजवर बसवतो! सगळ्या नाशिकसमोर दादांचं नाव घ्यायचं, त्यांना वर बोलवायचं, त्यांच्या खांद्यावर शाल घालायची, आणि मग टाळ्यांच्या गजरात स्टेजवरून थेट मागच्या सीटवर. तेव्हा कुठे नाही म्हणतील? भाषण मी पाठ केलं. गाडीच्या आरशात बघून हातवारेसुद्धा बसवले.

दादा येत नव्हते. आईनेच त्यांना तयार केलं. "पोरगं म्हणतंय तर चला. आठ वर्षं मागं लागलंय, कुत्रंसुद्धा एवढं लागत नाय." दोघं रिक्षाने आले, सुवर्णा आणि अंजलीही त्यांच्याबरोबर. मी गाडी घेऊन पुढे गेलो होतो, आणि आश्चर्य म्हणजे ती कुठेही न थांबता पोचली होती. गोरक्ष बरोबर होता म्हणून असेल. मैदानावर गाड्यांची रांग, समोर मोठा मांडव, मांडवात पंखे, थंड पाणी, खुर्च्या. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. "मालक मांडवात चला. गाडीपाशी एक माणूस ठेवा फक्त, पोरं ओरखडे काढतात." गोरक्ष नेमका चहाला गेलेला. सुवर्णा आणि अंजली आईला घेऊन बायकांच्या बाजूला गेलेल्या. दादा शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "दादा, गोरक्ष येईस्तोवर थांबता का जरा?"

"जा," दादा म्हणाले.

मी गेलो. फेटेवाला मालकांना फेटे बांधत होता, मला गुलाबी हवा होता आणि गुलाबी संपत आले होते. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

गोरक्ष काही परत आला नाही. त्याला कोणा दुसऱ्याच्या बंद पडलेल्या गाडीने धरून ठेवलं होतं. पण ते मला नंतर कळलं, कारण मी विचारलंच नाही. मांडवात मी इतर मालकांशी हस्तांदोलन करत होतो. कोणी कारखानदार, कोणी डॉक्टर, कोणी द्राक्षबागायतदार. सगळे "आमच्या आजोबांनी घेतलेली" असं सांगत होते. मीही "आमच्या घरात पन्नास सालापासून आहे" म्हणून सांगितलं. खोटं थोडंच होतं! वडील आत होतेच की, स्टेअरिंगवर.

सत्कार लांबले. पाहुणे लांब बोलले. माझी पाळी आली तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं, मांडवाच्या कापडातूनसुद्धा जाणवत होतं. मी माईक धरला. लहानपणीचा डबा, उघडं दार, सीटवर ठेवलेला हात, "ती सेठची जागा हाय," सगळं सांगितलं. माझा आवाज कापत होता आणि तो मी बसवलेला नव्हता, खराच कापत होता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मी म्हणालो, "आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यासाठी दार उघडलं, ते माझे वडील आज इथे आहेत. दादा, या! वर या!"

टाळ्याच टाळ्या. सगळा मांडव माना वळवून बघायला लागला. कोणी उठेना. मी परत म्हणालो, "दादा, या ना!" टाळ्या हळूहळू थांबल्या. सूत्रसंचालकाने सांभाळून घेतलं, "जुनी माणसं, लाजतात," आणि लोक प्रेमाने हसले. मीही हसलो. "लाजाळू आहेत," असं माईकमध्ये म्हणालो. आणि मग त्यांच्यासाठी आणलेली शाल पाहुण्यांनी माझ्याच खांद्यावर घातली, मी वाकून घेतली, फोटो काढला. त्या फोटोत मी मोठा खूश दिसतो.

खाली उतरून मी जेवणाचं ताट घेतलं. दोन घास खाल्ले असतील, तोच आई गर्दी सारत आली. तिने माझ्या डोक्यावरच्या गुलाबी फेट्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं.

"तुझा बाप कुठंय?"

"असतील इथंच. लाजले म्हणून..."

"अरे मुडद्या, कुठं ठेवून आलास त्याला?"

मी ताट तसंच टाकून पळालो.

रांगेतल्या बाकीच्या गाड्यांपाशी कोणीच नव्हतं. सगळे ड्रायव्हर कडेच्या कडुनिंबाखाली बसून डबे खात होते. आमच्या प्लिमथपाशी दादा उभे. पुढच्या मडगार्डला पाठ न टेकवता, हात मागे बांधून, तोंड मांडवाकडे. डोक्यावरची टोपी घामाने भिजलेली, चेहरा काळाठिक्कर पडलेला. मला बघून ते जरा सरळ झाले.

"कोणाला हात लावू दिला नाय," म्हणाले.

असल्या वेळी माणूस सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारतो. मी विचारलं, "दादा, भाषण ऐकू नाही आलं का?"

"आलं की. भोंगा हाय ना इकडं." त्यांनी हनुवटीने दाखवलं. खांबाला कर्णा बांधलेला होता, बरोबर आमच्या गाडीवर. "चांगलं बोललास. शेवटाला जरा घाई केलीस."

"मग वर का नाही आलात? मी बोलवत होतो!"

दादांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू थांबा म्हणालास ना," ते म्हणाले.

त्यांनी पाऊल उचललं आणि त्यांचा पाय दुमडला. मी धरलं म्हणून, नाहीतर जमिनीवरच पडले असते. कडुनिंबाखालचे दोन ड्रायव्हर डबे ठेवून धावत आले. एकाने पाणी आणलं, एकाने मागचं दार उघडलं, आणि आम्ही तिघांनी मिळून माझ्या वडिलांना प्लिमथच्या मागच्या सीटवर बसवलं. आई त्यांच्या शेजारी बसली, पदराने वारा घालत. मांडवातले लोक बाहेर येऊन बघत होते. कोणीतरी काय झालंय हे न कळून टाळ्यासुद्धा वाजवल्या.

डॉक्टर मालकाने नाडी बघितली. ऊन लागलंय, पाणी पाजा, घरी नेऊन पाय उंचावर ठेवून झोपवा, म्हणाला. सुवर्णा आणि अंजली रिक्षाने मागून निघाल्या, मी स्टेअरिंगवर बसलो. ज्या दिवसासाठी इतकी वर्षं जीव टाकला होता तो दिवस हाच. पुढे मी, मागे दादा, गंगापूर रोड सरळ समोर. आरशात बघायची मला हिंमत झाली नाही. नाशिक रोड येईपर्यंत मी नुसता रडत होतो, आणि गाडी, जिने मला जन्मभर रस्त्यात उभं केलं, ती त्या दिवशी एकदाही अडली नाही.

घरापाशी थांबलो आणि आरशाकडे नजर गेलीच. दादा जागे होते. अंग चोरून, दाराला लागून, सीटच्या कडेवर बसलेले. चपला त्यांनी काढून मांडीवर घेतल्या होत्या, दोन्ही हातांनी धरून. सीट खराब होऊ नये म्हणून.

मी धावत जाऊन दार उघडलं. आधी आई उतरली आणि घराचं कुलूप काढायला गेली. दादा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, चपला खाली टाकल्या, पायात घातल्या. मग ते वळले. गळ्यातलं उपरणं काढलं, एका हाताने दार धरलं आणि ज्या कोपऱ्यात बसले होते तेवढी जागा पुसायला लागले.

"दादा, काय करताय!"

"घाम लागलाय रे."

मी उपरणं ओढलं, ते सोडेनात. आम्ही बापलेक भर गल्लीत एका उपरण्यावर ओढाओढ करत उभे राहिलो. माझ्या डोक्यावर अजून फेटा होता. "राहू द्या दादा," मी कसंबसं म्हणालो, "गाडी तुमची आहे. कोणाची नाही, तुमची आहे."

दादांनी उपरणं सोडलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना बहुतेक माझीच दया आली.

"नाय रे बाबा," ते म्हणाले. "ती तुझी हाय. मला घरात ने. पाय लय दुखतायत."